बी.ई. झालंय, पण टक्केवारी चुकते. कुठून सुरुवात करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही बडोद्याचे, मराठी घरातले, मेकॅनिकलचे पदवीधर, सीजीपीए ८.१. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, फॅब्रिकेशनच्या एका कारखान्यात दीड वर्षापासून आहात. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, ‘जीएसटी धरून १,१८,००० चं कोटेशन आहे, मूळ किंमत किती?’ तुम्ही १८ टक्के वजा करून ९६,७६० सांगितले. शेजारच्या डिप्लोमा केलेल्या मुलाने तोंडीच ‘एक लाख’ म्हटलं. त्या दिवसापासून मीटिंग म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो. आता तुम्ही विचारताय की इंजिनिअरिंग मॅथ्सचे पेपर पुन्हा करावेत का, की अकरावी-बारावीचा कोर्स लावावा, आणि हे साहेबांना सांगावं की लपवावं.

माझं थोडक्यात सांगते. एम. एस. विद्यापीठातून मेकॅनिकल केलं आणि गेली २६ वर्षं प्रेशर व्हेसल (दाब सोसणारी बंद भांडी), हीट एक्स्चेंजर, टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सुरुवात ड्रॉइंगपासून झाली, आता एस्टिमेशन बघते. गेली अकरा वर्षं नवे ट्रेनी इंजिनिअर रुजू झाले की पहिले तीन महिने माझ्याकडे असतात. तुम्ही जे लिहिलंय ते मी दर पावसाळ्यात माझ्या टेबलासमोर बसलेलं पाहते. ही मुलं हुशार नाहीत असं मला एकदाही वाटलेलं नाही.

सरळ उत्तर असं की इंजिनिअरिंग मॅथ्सचे पेपर पुन्हा करू नका. बारावीचा कोर्सही आत्ता लावू नका. कारखान्यात तुमचं अडतंय ते लाप्लास आणि फूरियरपाशी नाही. त्या मीटिंगमध्ये चुकली ती सातवीतली शेकडेवारी, आणि तीही नेमकी एका जागी. अठरा टक्के कशाचे, हे तुम्ही स्वतःला विचारलं नाहीत.

कर मूळ किमतीवर लागतो. मूळ किंमत शंभर धरली तर बिल ११८ चं. ११८ ला शंभर, तर १,१८,००० ला किती? साधं त्रैराशिक आहे. तुम्ही अठरा टक्के काढलेत ते बिलाचे, म्हणून ३,२४० रुपये जास्त कापले गेले. हीच चूक वेगवेगळ्या वेषात येत राहते. आमच्याकडे एकदा निव्वळ वजन ४० टन असलेलं काम होतं. कटिंगमध्ये दहा टक्के प्लेट भंगारात जाते, असा आमचा हिशोब. ट्रेनीने ४० वर दहा टक्के चढवून ४४ टनांची मागणी तयार केली. पण भंगार निघतं ते विकत घेतलेल्या प्लेटमधून. खरेदीचे नव्वद टक्के म्हणजे ४० टन, तेव्हा खरेदी ४४.४४ टनांची हवी. ४४४ किलो कमी पडले असते, आणि अशी प्लेट कमी पडते ती कायम शेवटच्या आठवड्यात, जेव्हा त्या ग्रेडची आणि त्याच जाडीची एकच प्लेट द्यायला कोणी तयार नसतं. नफ्याचंही तसंच. विक्रीच्या किमतीवर वीस टक्के सुटायला हवे असतील तर शंभरच्या खर्चाला १२० नव्हे, १२५ लावावे लागतात. टक्के दिसले की पुढे पेन्सिलीने ‘कशाचे’ असं लिहा. खरंच लिहा, मनात म्हणून सोडू नका. माझ्या ट्रेनींना मी पहिला महिनाभर हे लिहायला लावते.

आता पुढचं सांगण्याआधी तुम्हाला एक गोष्ट तपासावी लागेल, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. रविवारी सकाळी दार लावून एकटे बसा. घड्याळ लावू नका, कॅल्क्युलेटर आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवा. एवढी गणितं कागदावर करा: २६० चे पाऊण किती? ०.४ गुणिले ०.३ किती? अडीच भागिले पाव किती? ६४० चे १५ टक्के किती? १२ हे ९६ चे किती टक्के? पाच अष्टमांश इंच म्हणजे किती मिलीमीटर? एका घनमीटरमध्ये किती घनसेंटिमीटर? सहा वेल्डरना दहा दिवस लागतात, तर चार वेल्डरना किती?

आठातली सात बरोबर आली तर तुमचा पाया ठीक आहे. तुम्हाला गणित येतं, चार माणसांसमोर ते बंद पडतं. ही भीती आहे आणि तिचा उपाय वेगळा, तो शेवटाकडे सांगते. चार-पाचच बरोबर आली तर पाया खरंच कच्चा राहिलाय. माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेकांचं दोन्ही असतं. ०.४ गुणिले ०.३ चं उत्तर १.२ लिहिणारी आणि घनमीटरमध्ये शंभर घनसेंटिमीटर म्हणणारी मुलं मी दर बॅचला पाहते. ह्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. असर ह्या शिक्षणाच्या पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३.३ टक्क्यांनाच जमलं होतं. ती पाहणी इंजिनिअरांची नव्हती, पण आमचे इंजिनिअर आकाशातून पडत नाहीत, त्यातलीच काही मुलं पुढे कॉलेजात येतात आणि मधल्या वर्षांत मागे वळून अपूर्णांक कोणी शिकवत नाही.

पाया आणि भीती ह्यांच्याखेरीज एक तिसरी गोष्ट आहे. माझ्या मते ती ह्या दोन्हींहून महत्त्वाची आहे, आणि ती तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही.

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगते. नऊच्या वर सीजीपीए असलेला एक मुलगा आमच्याकडे आला. मी त्याला पहिलं काम दिलं ते एका व्हेसलच्या शेलची, म्हणजे त्याच्या नळीसारख्या गोल अंगाची, जाडी काढायचं. आतला व्यास १,५०० मिलीमीटर, डिझाइन प्रेशर १० बार, प्लेट एसए ५१६ ग्रेड ७० ह्या स्टीलची. एएसएमई सेक्शन आठ ह्या प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन नियमावलीतलं सूत्र त्याला पाठ होतं: दाब गुणिले त्रिज्या, भागिले, स्टीलचा अनुज्ञेय ताण गुणिले जॉइंट एफिशियन्सी (वेल्डच्या जोडाचा गुणक, इथे ०.८५) वजा ०.६ पट दाब. अर्ध्या तासाने कागद घेऊन आला. स्वच्छ अक्षर, एकाखाली एक पायऱ्या, शेवटी उत्तराभोवती चौकट. चौकटीत होतं ६७.३८५ मिलीमीटर. दशांशाखालचे तीन अंकही त्याने सोडले नव्हते.

मी म्हटलं, ‘एवढी जाड प्लेट आपण रोल कुठे करणार?’ तो कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, ‘मॅडम, सूत्र तर बरोबर आहे.’ सूत्र बरोबरच होतं. ताण त्याने मेगापास्कलमध्ये घेतला होता, १३८. दाब बारमध्येच ठेवला होता, १०. दहा बार म्हणजे एक मेगापास्कल. तेवढं दुरुस्त केलं की ७५० भागिले (१३८ गुणिले ०.८५ वजा ०.६), म्हणजे ६.४३ मिलीमीटर येतात. त्यात गंजासाठी तीन मिलीमीटर धरले की १० ची प्लेट झाली. त्या शेलची लांबी तीन मीटर. १० च्या प्लेटने त्याचं वजन अकराशे किलोच्या आसपास येतं, त्याच्या उत्तराने जवळजवळ आठ टन आलं असतं.

युनिटची चूक कोणाचीही होते, माझीही झालेली आहे. मला त्या दिवशी खटकलं ते वेगळंच. ६७ हा आकडा बघून त्या मुलाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याला ६७ आणि ६.४३ सारखेच होते. मग मी त्याला विचारलं, ‘घरचा गॅसचा सिलिंडर उचललायस कधी?’ सिलिंडरचा व्यास साधारण ३२ सेंटिमीटर, पत्रा अडीच-तीन मिलीमीटरचा. तो ह्याच पट्टीतला दाब सोसायला बनवतात, किंबहुना थोडा जास्तच. आपलं व्हेसल व्यासाने त्याच्या पाचपट सुद्धा नाही. सूत्राकडे नीट बघितलं तर दाब तोच असेल तर जाडी व्यासाच्या पटीत वाढते. मग पाचपट पत्रा, म्हणजे बारा ते पंधरा मिलीमीटर, ही झाली वरची हद्द. स्टील वेगळं, पण अंदाजाला एवढं पुष्कळ. ६७ येऊच शकत नाही, हे कळायला कॅल्क्युलेटर लागत नाही. तो मुलगा दोन मिनिटं गप्प होता आणि मग म्हणाला, ‘असा विचार करायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नाही.’

आमच्या शाळेत गणिताच्या वहीत उत्तरानंतर एक ओळ असायची, ‘ताळा’. भागाकार झाला की भाजक आणि भागाकार गुणायचे, बाकी मिळवायची आणि भाज्य परत येतंय का बघायचं. बाई ताळ्याशिवाय वही घ्यायच्याच नाहीत. त्या वेळी कंटाळा यायचा. इंजिनिअरिंगपर्यंत येता येता मुलांच्या हातून सुटते ती ही एक ओळ.

का सुटते? कॅल्क्युलेटरने मुलं बिघडवली असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. मी स्वतः दिवसभर कॅल्क्युलेटर आणि एक्सेल वापरते. माझ्या मते दोन कारणं आहेत. एक प्रवेशाचं. गुजसेटमध्ये, म्हणजे गुजरातच्या प्रवेश परीक्षेत, गणिताचे ४० प्रश्न ६० मिनिटांत करायचे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि उत्तर चार पर्यायांतच कुठेतरी ठेवलेलं असतं. आकडा भलताच आला तर तो पर्यायांत नसतो, आणि चूक आपोआप कळते. ताळ्याचं काम पर्यायच करतात. कारखान्यात पर्याय देणारं कोणी नाही. दुसरं कारण विद्यापीठाच्या पेपरातलं. तिथे पायऱ्यांना गुण असतात. सूत्र लिहिलं, किमती घातल्या, आकडेमोड दाखवली की बहुतेक गुण हातात येतात, शेवटी ६.४३ आलं काय आणि ६७.३८५ आलं काय, फरक पडतो एखाद्या गुणाचा. चार वर्षं हाच व्यवहार केल्यावर शेवटचा आकडा हा मुलांच्या लेखी औपचारिकता होतो. पेपर तपासणाऱ्यांना दोष देत नाही मी, पायऱ्यांना गुण मिळायलाच हवेत. पण आम्ही प्लेट मागवतो ती शेवटच्या आकड्यावर, आणि हे मुलांना नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत कोणी सांगत नाही.

आपल्या गावाचं म्हणून आणखी एक सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत तुमचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. घरी मराठी, शॉपवर (जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथे) गुजराती, ड्रॉइंगवर इंग्रजी. आकडा ह्या तिन्हीतून फिरून आपल्याकडे येतो. नोझल म्हणजे व्हेसलला जोडलेलं पाइपचं तोंड, त्याच्याभोवती वेल्ड केलेल्या पॅडची हवेने चाचणी करतात, तुम्ही पाहिली असेल. पॅडच्या छोट्या भोकातून हवा भरायची आणि वेल्डवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. फोरमनने एका ट्रेनीला सांगितलं, ‘सवा बार राखजो.’ गुजरातीत बार म्हणजे बारा. त्यामुळे सवा बार म्हणजे सव्वाबारा पण होतं, आणि सव्वा बार दाब पण. मुलीने चाचणीच्या कागदावर लिहिलं १२.२५. फिटरने कागद बघितला आणि हवा न भरताच तिला माझ्याकडे पाठवलं. दाबलेल्या हवेत केवढी ताकद साठलेली असते ते त्याला माहीत होतं. मी तिला एवढंच विचारलं की आपला कॉम्प्रेसर किती बारचा आहे. सात. मग सव्वाबारा येणार कुठून? तिला उत्तर दोन सेकंदांत कळलं, फक्त तो प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता.

आमच्या ह्या शहरात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर ह्यांचा आग्रह होता की तंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवावी. पुढे तेच विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेचं मूळ झालं. तो आग्रह मला रोज शॉपवर पटतो. तेव्हा आकडेमोड तुम्हाला मराठीत सुचत असेल तर मराठीतच करा. ‘पाव’, ‘सव्वा’, ‘पावणेदोन’, ‘अडीच’ हे शब्द म्हणजे तयार अपूर्णांक आहेत. पूर्वी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. सगळी करायची गरज नाही, पण दिडकी आणि अडीचकी दहापर्यंत म्हणून बघा. अडीच सक पंधरा, अडीच साते साडेसतरा. इंचाचे सेंटिमीटर करताना, रेटला दीडपट लावताना हात थांबत नाही.

आता करायचं काय ते. एनसीईआरटीची सहावी ते आठवीची गणिताची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातलं सगळं नको. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर आणि प्रमाण, शेकडेवारी, घातांक, क्षेत्रफळ आणि घनफळ, एवढ्याच प्रकरणांची उदाहरणं हाताने सोडवा. रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसून भरून काढू असं म्हणू नका, ते टिकत नाही. माझ्या ट्रेनींना ह्याला अडीच ते तीन महिने लागतात, तुम्हाला कमी-जास्त लागतील. सहावीचं पुस्तक हातात धरायला संकोच वाटेल. धरा. अपूर्णांकाचा भागाकार ज्याला का उलटा करून गुणायचा हे कळलं, त्याला युनिटं बदलताना कधी गुणायचं आणि कधी भागायचं हा घोळ पुन्हा होत नाही. दोन्ही एकच गोष्ट आहेत. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे युनिट लिहा आणि अंश-छेदातली युनिटं आकड्यांसारखी खोडत चला. त्या मुलाने १० च्या पुढे ‘बार’ आणि १३८ च्या पुढे ‘मेगापास्कल’ लिहिलं असतं तर चूक त्याची त्यालाच दिसली असती.

त्याच्या जोडीला एक छोटी वही खिशात ठेवा. पानावर दोन रकाने, अंदाज आणि उत्तर. कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी डावीकडे अंदाज लिहायचा, मगच गणित करायचं. अंदाज म्हणजे हवेत बाण मारणं नव्हे. समजा ६,३०० बाय १,५०० ची १० मिलीमीटर प्लेट आहे. एका चौरस मीटरला जाडीच्या दर मिलीमीटरमागे ७.८५ किलो, हा आकडा तुम्हाला माहीत असेल. सव्वासहा गुणिले दीड, म्हणजे साडेनऊच्या थोडं आत. १० मिलीमीटरला चौरस मीटरमागे ८० किलोच्या थोडं आत. साडेनऊ आठे शहात्तर, म्हणजे ७६०, आणि दोन्ही आकडे आपण वर ढकलले होते, तेव्हा ७४० धरू. खरं उत्तर ७४१.८. सुरुवातीला तुमचा अंदाज दुप्पट-निमपट चुकेल, चुकू दे. महिन्याभराने दहा टक्क्यांच्या आत यायला लागतो, हे मी मुलांच्या वह्यांमध्ये बघितलंय. ज्या दिवशी अंदाज ७४० आणि उत्तर ७,४१८ येईल, त्या दिवशी ही वही तुमची नोकरी वाचवेल.

अंदाजाला टेकू लागतात, ते पाठ असायला हवेत. स्टीलचे वर सांगितलेले ७.८५. एक लिटर पाण्याचं एक किलो. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळजवळ एक बार. एक इंच २५.४ मिलीमीटर. एक हॉर्सपॉवर ७४६ वॉट. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी, आणि उकळत्या पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे ५४०. एवढ्यावर किती काम निघतं बघा. तासाला हजार किलो पाणी ३० वरून ८० अंशांवर न्यायचं तर ५०,००० किलोकॅलरी, त्याला ५४० ने भागलं की तासाला नव्वदच्या वर किलो वाफ लागणार. क्लायंट समोर बसलेला असताना हे तोंडी सांगता आलं की त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो. ह्यात सहावीच्या पलीकडचं काहीच नाही.

भूमितीबद्दल एकच सांगते, कारण तुम्ही फॅब्रिकेशनमध्ये आहात. शेल रोल करायला सपाट प्लेटची लांबी काढताना आतला व्यास घेऊ नका, मीन डाया घ्या, म्हणजे आतला व्यास अधिक एक जाडी. वरच्या व्हेसलला आतल्या व्यासाने ४,७१२ येतात आणि मीनने ४,७४४. फरक ३१ मिलीमीटरचा. एकतीसने आखूड कापली की शेलचा आतला व्यास १,४९० होतो, आणि डिश एंड, म्हणजे टोकाचं फुगीर झाकण, बसवताना चहूबाजूंनी पाच-पाच मिलीमीटरची पायरी पडते. कापलेली प्लेट पुन्हा लांब होत नाही.

ह्यातलं बरंच तुम्ही पुढे काय करणार त्यावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. एस्टिमेशन, प्लॅनिंग, पर्चेस, प्रॉडक्शन, ह्यांत राहायचं असेल तर वर लिहिलंय तेवढं पुरतं आणि आयुष्यभर पुरतं. गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, बसायचं असेल तर १०० पैकी १५ गुण जनरल अॅप्टिट्यूडचे असतात, तिथे हाच पाया कामी येतो, पण इंजिनिअरिंग मॅथ्सही वेगळं करावं लागेल, तेव्हा तुमचे ते पेपर बाहेर काढा. डिझाइन अॅनालिसिसमध्ये जायचं असेल तर कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स लागतील, मात्र पाया झाल्यावर. आणि तीन महिने नेमाने करूनही आकडे उलटसुलट दिसत असतील, २७ चे ७२ होत असतील, घड्याळ किंवा सुट्टे पैसेही लहानपणापासून अडचणीचे वाटत असतील, तर एकदा तज्ज्ञांना दाखवा. डिस्कॅल्क्युलिया नावाची अडचण असते, तिचा बुद्धीशी संबंध नाही, आणि तिच्यासाठी शिकण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत.

आता साहेबांचं. सांगा, पण कबुलीजबाब दिल्यासारखं नको. ‘साहेब, त्या दिवशी माझं टक्क्यांचं चुकलं, कुठे चुकलं ते मला कळलंय, सध्या एस्टिमेटची आकडेमोड मी दोनदा तपासतोय, तुम्ही आठवड्यातून एकदा एखादं एस्टिमेट बघाल का?’ एवढंच. मी त्या खुर्चीत बसते म्हणून खात्रीने सांगते, असं सांगणारा मुलगा मला हवा असतो. लपवणाऱ्याची मला धास्ती वाटते, कारण त्याची चूक मला प्लेट कापल्यावर कळते. तुमचे साहेब कसे आहेत हे मला माहीत नाही. ते चारचौघांत पाणउतारा करणारे असतील तर त्यांच्याऐवजी त्या डिप्लोमावाल्या मुलाकडे जा. त्याने तुमची फजिती केली असं मनात धरू नका. त्याच्याकडे तुम्हाला हवी ती गोष्ट आहे, आणि शेजारच्याच टेबलावर आहे.

मीटिंगमधल्या भीतीला मी एकच वाक्य शिकवते: ‘एक मिनिट द्या, लिहून सांगतो.’ मग खरंच कागद काढा, शंभर धरा आणि लिहा. कोणी हसत नाही. मी आजही लिहूनच सांगते, समोर कितीही मोठा क्लायंट असला तरी. घाईत तोंडी दिलेला आकडा मागे घेणं लिहिण्याच्या एका मिनिटापेक्षा फार अवघड असतं.

सोमवारपासून एक करून बघा. तुमच्याकडे प्लेटचा ट्रक येईल तेव्हा चलनावरची वजनं झाकून ठेवा. प्लेटा मोजा, टेपने लांबी-रुंदी घ्या, व्हर्नियरने जाडी घ्या आणि ट्रकवर किती माल आहे ते खिशातल्या वहीत लिहा, आधी अंदाज, मग हिशोब. त्यानंतर गेटवर जाऊन वजनकाट्याची पावती मागा आणि तिसरा आकडा त्यांच्या शेजारी लिहा. तिन्हीत फरक पडला तर तो का पडला ते शोधा: प्लेटची जाडी नावापेक्षा कमी-जास्त असेल, मोजताना एखादी प्लेट सुटली असेल, किंवा हातचा राहिला असेल. दहा ट्रक झाले की त्या वहीचं पान मला दाखवा.